कच्च्या कैद्यावर बळाचा वापर : किती चालतो, आणि जास्त झाला हे ठरवायचं कसं?

दिव्यावर लावलेल्या एका कागदावरून सुरू झालेला वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण ‘किंग्सली विरुद्ध हेंड्रिक्सन’ या खटल्याची सुरुवात तशीच झाली. २२ जून २०१५ रोजी त्याचा निकाल लागला. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशा माणसावर तुरुंगातल्या अधिकाऱ्यांनी बळ वापरलं, तर ते प्रमाणाबाहेर गेलं की नाही हे कशावरून ठरवायचं, एवढाच प्रश्न कोर्टापुढे होता. अधिकाऱ्याच्या मनात काय होतं ते बघायचं, की त्याने प्रत्यक्ष काय केलं ते?

सीमाभागात हा प्रश्न अगदीच परका नाही. आंदोलनात धरपकड होऊन हिंडलग्याच्या कारागृहात दिवस काढून आलेली माणसं इथे गल्लोगल्ली भेटतात. आत असताना त्यातले अनेक जण कायद्याच्या भाषेत ‘कच्चे कैदी’च होते, म्हणजे आरोप आहे, निकाल नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांच्या वर माणसं होती आणि त्यातली ७५ टक्क्यांहून जास्त कच्चे कैदी होती. भारतातल्या तुरुंगांतल्या दर चार माणसांपैकी तिघांना अजून कुठल्याही कोर्टाने त्या प्रकरणात दोषी ठरवलेलं नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी काय झालं?

एप्रिल २०१० मध्ये किंग्सली नावाच्या माणसाला अमली पदार्थाच्या आरोपाखाली अटक झाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या मन्रो काउंटीच्या तुरुंगात तो खटल्याची वाट बघत होता. २० मेच्या संध्याकाळी कोठड्यांची फेरी चालू असताना एका अधिकाऱ्याला दिसलं की, त्याच्या पलंगावरच्या दिव्यावर कागद लावलेला आहे. कागद काढ म्हणून सांगितलं. त्याने काढला नाही. आणखी अधिकाऱ्यांनी सांगितलं, तरी नाही. सकाळी तुरुंगाच्या प्रमुखाने येऊन सांगितलं, तरी तो ऐकेना. मग ठरलं की कागद अधिकारीच काढतील आणि तोवर याला दुसऱ्या कोठडीत न्यायचं.

चार अधिकारी आले. हात मागे घेऊन दाराकडे पाठ कर, असा हुकूम झाला. तो त्याने मानला नाही. त्याला बेड्या घालून उचलून नेलं आणि दुसऱ्या कोठडीतल्या बाकावर पालथं ठेवलं. इथपर्यंत दोन्ही बाजूंचं म्हणणं साधारण जुळतं. पुढे मात्र कहाण्या वेगळ्या होतात.

अधिकारी म्हणाले, बेड्या काढताना त्याने विरोध केला. किंग्सली म्हणाला, मी विरोध केलाच नाही, उलट माझं डोकं सिमेंटच्या बाकावर आपटलं. अधिकाऱ्यांनी ते नाकारलं. दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टी अशा : सार्जंट हेंड्रिक्सनने त्याच्या पाठीवर गुडघा ठेवला, किंग्सलीने त्याला शिवराळ भाषेत बाजूला हो म्हटलं, आणि सार्जंटच्या सांगण्यावरून दुसऱ्या अधिकाऱ्याने विजेचा झटका देणारं टेसर त्याच्या पाठीला लावून सुमारे पाच सेकंद चालवलं. तेव्हा त्याचे हात मागे बेड्यांत होते. त्याला तसंच ठेवून सगळे बाहेर गेले आणि पंधरा मिनिटांनी येऊन बेड्या काढल्या.

किंग्सली काही साधा-सरळ वागत होता असं नाही. वारंवार सांगून कागद न काढणारा माणूस तुरुंगाच्या शिस्तीला डोकेदुखीच असतो. म्हणूनच हे प्रकरण बघण्यासारखं आहे. निष्पाप, गरीब, काहीच न केलेल्या माणसाला मारलं तर निवाडा सोपा असतो. हुकूम न मानणाऱ्या माणसावर किती बळ चालतं, तिथे खरी कसोटी लागते.

एकच फटका, पण तीन कलमं

त्याच वर्षी किंग्सलीने दावा लावला, तो ‘कलम १९८३’खाली. हे कलम कु क्लक्स क्लॅनच्या दहशतीला आवर घालण्यासाठी १८७१ मध्ये केलेल्या कायद्यातून आलेलं. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी तुमचा घटनात्मक हक्क हिरावला, तर त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दिवाणी दावा करायची सोय त्यात आहे. हा फौजदारी खटला नव्हे. अधिकारी तुरुंगात जात नाही, नुकसानभरपाईचा प्रश्न असतो.

मात्र कुठला घटनात्मक हक्क मोडला, हे माणूस कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून असतं. रस्त्यावर अटक करताना बळ वापरलं तर चौथी घटनादुरुस्ती लागते. तिथे १९८९ च्या ‘ग्रॅहम’ निकालापासून मोजमाप ठरलेलं आहे : जागेवरच्या समंजस अधिकाऱ्याच्या नजरेतून ते वाजवी होतं का. शिक्षा झालेल्या कैद्याला आठवी घटनादुरुस्ती लागते आणि तिथे पुरावा फार कठीण असतो, कारण बळ शिस्तीसाठी नव्हे तर दुष्टपणे, इजा करण्याच्याच हेतूने वापरलं हे दाखवावं लागतं. कच्चा कैदी या दोघांच्या मध्ये पडतो. त्याला चौदावी घटनादुरुस्ती लागते, आणि त्याचं मोजमाप काय, यावर खालच्या अपील न्यायालयांत एकमत नव्हतं.

किंग्सलीच्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावून सांगितलं की, अधिकाऱ्यांना इजेचा धोका माहीत होता आणि तरी त्यांनी बेफिकिरीने त्याच्या सुरक्षिततेकडे दुर्लक्ष केलं, हे सिद्ध व्हायला हवं. ज्यूरीने अधिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. अपील न्यायालयाने २०१४ मध्ये तो कायम ठेवला, तोही एकमताने नव्हे.

इथे घोडं अडतं ते मनापाशी. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे सिद्ध करायचं कसं? कोठडीत साक्षीदार कोण, तर तेच चार अधिकारी. ‘मला वाटलं तो विरोध करतोय’ एवढं एक वाक्य आणि दावा संपला.

पाच विरुद्ध चार

सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार असा निकाल लागला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिला. त्यांनी मनाच्या प्रश्नाचे दोन भाग केले. पहिला : अधिकाऱ्याने ती कृती मुद्दाम केली का? टेसर चुकून सुटलं, किंवा अधिकारी घसरून कैद्यावर पडला, तर दावा टिकणार नाही. दुसरा : जाणूनबुजून केलेली ती कृती प्रमाणाबाहेर होती का? या दुसऱ्या भागासाठी अधिकाऱ्याला स्वतःला काय वाटत होतं याला महत्त्व नाही. वस्तुस्थिती बघता ते बळ अवाजवी होतं, एवढं दाखवलं की पुरे.

त्यामागचं कारण साधं आहे. शिक्षा झालेल्या माणसाला शिक्षा देता येते, फक्त ती क्रूर नसावी. कच्च्या कैद्याला शिक्षा देताच येत नाही. त्याला आत ठेवलंय ते खटल्याला हजर राहावा म्हणून.

वाजवी-अवाजवी ठरवताना काय बघायचं हेही निकालात आहे. बळाची गरज किती होती आणि वापरलं किती. इजा किती झाली. बळ कमी ठेवायचा काही प्रयत्न केला का. सुरक्षेचा प्रश्न कितपत गंभीर होता. अधिकाऱ्याला त्या क्षणी कोणता धोका दिसत होता, आणि कैदी खरोखर विरोध करत होता का. यादी एवढ्यावर संपत नाही, असंही कोर्टाने सांगून ठेवलं. शिवाय मोजायचं ते त्या क्षणी अधिकाऱ्याला जे माहीत होतं त्यावरून. नंतर घरी बसून ‘असं करायला हवं होतं’ म्हणण्याला अर्थ नाही. तुरुंग चालवणं कठीण काम आहे आणि तिथल्या प्रशासनाला काही मोकळीक द्यावी लागते, हेही बहुमताने मान्य केलं.

विरोधी मत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी लिहिलं. त्यांच्या मते शिक्षा म्हटली की हेतू आलाच. बळ अंदाजापेक्षा जास्त झालं म्हणून ती आपोआप ‘शिक्षा’ होत नाही. अशा चुकांसाठी राज्यांचे साधे कायदे आहेत, प्रत्येक धक्काबुक्कीला राज्यघटना कशाला? हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. पण बेड्यांत पालथ्या पडलेल्या माणसाच्या हाती पुरावा काय उरतो, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

दाव्यांचा पूर येईल, ही भीतीही मांडली गेली. तिला आधीच बांध आहे. १९९६ च्या कायद्यानुसार आतल्या माणसाला आधी तुरुंगाच्याच तक्रार यंत्रणेकडे जावं लागतं. तिथली मुदत चुकली तर पुढचा दावा सहसा टिकत नाही. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच कार्यालयात पहिला अर्ज!

आणखी एक लक्षात ठेवायला हवं. कोण खरं बोलतंय, डोकं आपटलं की नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं नाही. मोजमाप चुकीचं होतं एवढंच सांगून प्रकरण परत पाठवलं. अपील न्यायालयाने मग नव्याने सुनावणी घ्यायचा आदेश दिला. तोवर घटनेला पाच वर्षं उलटून गेली होती.

आपल्याकडे हीच तक्रार कुठे जाते?

भारतात ‘कलम १९८३’सारखा सरळ मार्ग नाही. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो, पण तो वर्षानुवर्षं चालतो. शिवाय १९६४ च्या ‘कस्तुरीलाल’ निकालापासून सरकार आपल्या सार्वभौम अधिकाराची ढाल पुढे करत आलंय. अधिकाऱ्यावर फौजदारी खटला भरायचा, तर त्याने ‘कर्तव्य बजावताना’ केलं का हा प्रश्न येतो आणि सरकारच्या पूर्वपरवानगीचं कलम आडवं येऊ शकतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २१८ आहे.

म्हणून आपल्याकडे खरा रस्ता पडला तो रिट याचिकेचा, आणि तोही एका पत्रातून. तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला कैदी सुनील बत्रा याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना पत्र लिहिलं की, एका मुख्य वॉर्डरने दुसऱ्या कैद्याला काठीने अमानुष इजा केली आहे. कोर्टाने पत्रालाच याचिका मानलं, वकील नेमून तुरुंगात पाठवले आणि डिसेंबर १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी निकाल दिला. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवा, जिल्हा न्यायाधीशांनी फेऱ्या मारून कैद्यांचं म्हणणं ऐकावं, वकिलांना आत जाऊ द्या, असे आदेश त्यात आहेत. पुढे १९९३ मध्ये ओडिशातल्या नीलबती बेहेरा यांच्या पत्रावरून, पोलीस कोठडीतून गेलेल्या त्यांच्या मुलाच्या मृत्यूबद्दल, दीड लाख रुपये भरपाई मिळाली. सार्वभौमत्वाची ढाल मूलभूत हक्कांपुढे चालणार नाही, हे तिथे स्पष्ट झालं. बेळगावकरांसाठी अशा याचिकेचा पत्ता धारवाड खंडपीठ, गोव्यासाठी पर्वरी.

तरीही एक विचित्र फट राहिलीच. कोठडीत माणूस मेला तर दंडाधिकाऱ्यांची चौकशी आपोआप सुरू होते आणि राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. माणूस मार खाऊन जिवंत राहिला तर आपोआप फारसं काही होत नाही. तक्रार त्यानेच करायची, तीही त्याच भिंतींच्या आत राहून, त्याच माणसांच्या देखरेखीखाली. सीसीटीव्हीचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा गाजलेला आदेश पोलीस ठाणी आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांबद्दल आहे, तुरुंगांबद्दल नाही.

न्यायालयीन कोठडी वाढवताना दंडाधिकारी ‘काही तक्रार आहे का?’ विचारतात, तीच कच्च्या कैद्याची हक्काची वेळ. आता ही हजेरी बऱ्याचदा व्हिडिओवर होते. पडद्यावर दिसतो तो चेहरा, आणि कॅमेऱ्याच्या मागे तुरुंगाचे कर्मचारी उभे असू शकतात. इजा झाली असेल तर प्रत्यक्ष हजर करा आणि वैद्यकीय तपासणी करा, अशी मागणी त्याच वेळी वकिलामार्फत करता येते. वकील नसेल तर घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी. वळ आठ-दहा दिवसांत जातात. पुढची तारीख मात्र बहुधा चौदा-पंधरा दिवसांनी असते.