कॉर्नियाचा मध्य रिकामा नाही

आमच्या पिढीला कॉर्निया शिकवला तो तीन नकारांनी. रक्तवाहिन्या नाहीत, लसीकावाहिन्या नाहीत आणि मध्यभागी रोगप्रतिकारक पेशीही नाहीत. निरोगी डोळ्यापुरते पहिले दोन नकार आजही खरे आहेत. तिसऱ्याशी मी उमेदवारीपासून भांडत आलो, त्यामुळे या आढाव्यात त्याच्या खंडनाला झुकतं माप मिळणार.

मौज अशी, की कॉर्नियातल्या पेशींची ओळख फार जुनी आहे. १८६३ साली रेकलिंगहाउझेन यांनी बेडकाच्या कॉर्नियात दोन तऱ्हेच्या पेशी पाहिल्या होत्या, जागच्या जागी राहणाऱ्या आणि भटक्या. चार वर्षांनी कोनहाइम यांनी दाखवून दिलं की सुजलेल्या कॉर्नियातल्या पुवाच्या पेशी रक्तातून येतात. त्या तिथल्या तिथेच तयार होतात, हे त्यांचे गुरू विरशॉ यांचं मत. गुरूच्या मताविरुद्ध पुरावा मांडण्याची ती हिंमत मला फार मोठी वाटते. १८६८ मध्ये लँगरहान्स या विद्यार्थ्याने गोल्ड क्लोराइडने रंगवलेल्या त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या. त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात, असा त्याचा समज झाला. त्यांचं खरं काम, रोगप्रतिकारक पहाऱ्याचं, कळायला शंभर वर्षं लागली.

पुढचा टप्पा घाईने ओलांडतो. १९०५ मध्ये झिर्म यांचं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण झालं, १९४८ मध्ये मेडावार यांनी सशाच्या डोळ्यात त्वचेची कलमं लावून पाहिली. डोळ्याला प्रतिकारशक्तीकडून खास सवलत मिळते, हा सिद्धांत तिथून रुजला आणि त्यावर उंदरांच्या डोळ्यांतले असंख्य प्रयोग झाले. ते महत्त्वाचे आहेत, पण त्यांतून एक आळशी समजूत फोफावली: सवलत आहे म्हणजे पहारेकरीच नाहीत.

१९७०-८०च्या दशकांत या समजुतीला पुरावाही मिळाल्यासारखा वाटला. ठरावीक रंगद्रव्यांनी तपासलं की कॉर्नियाच्या कडेला लँगरहान्स पेशींची दाटी दिसे, मध्यभागी जवळजवळ काही नाही. मेलेल्या ऊतीला एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर आलं नाही की घर ओस आहे म्हणायचं, ही पद्धत मला कधीच पटली नाही. २००२ मध्ये बॉस्टनच्या हमराह आणि डाना यांच्या गटाने दाखवलं की उंदराच्या कॉर्नियाच्या मध्यातही अशा पेशी आहेत. शांत असताना त्या आपली ‘एमएचसी क्लास टू’ रेणूची खूण पृष्ठभागावर मिरवत नाहीत, एवढंच.

आता माझ्या आवडीचा भाग. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने जिवंत माणसाचा कॉर्निया पाहणं हा मला आमच्या शाखेतला सर्वांत सुंदर अनुभव वाटतो. भूल देणारा थेंब घालायचा, उपकरणाचं टोक अलगद बुबुळाला टेकवायचं आणि खोली हळूहळू वाढवत जायची. चौकट जेमतेम ४०० मायक्रॉनची. आधी वरचा पेशींचा थर, मग साधारण ५० मायक्रॉनवर मज्जातंतूंच्या तेजस्वी रेघा आणि त्यांच्या आसपास त्या डेंड्रिटिक म्हटल्या जाणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी: काही फांद्यांशिवाय, काही लांब हात पसरलेल्या. २००५ मध्ये रोस्टॉकच्या झिवोव्ह, गुथॉफ प्रभृतींनी निरोगी माणसांत त्या मोजल्या. कडेपेक्षा कमी, पण मध्यातही होत्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत त्या जास्त दिसतात, कोरड्या डोळ्यांतही. त्या काळात एका परिषदेत अशी चित्रं दाखवल्यावर एका ज्येष्ठांनी ‘फोटोग्राफी’ म्हणून ती बाजूला सारली होती. त्यांची भाषा अजून काहींच्या तोंडी आहे.

त्या आक्षेपाला उत्तर मेलबर्नहून आलं. तिथल्या संशोधकांनी एकाच जागेची चित्रं काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा घेतली आणि जोडून पाहिली. पेशी फिरताना दिसल्या! २०२३ मध्ये त्यांनी मांडलं की निरोगी माणसाच्या कॉर्नियात टी-पेशीही गस्त घालतात. स्थिर चित्रात ज्यांना आपण सरसकट डेंड्रिटिक म्हणत होतो, त्यांतल्या काही टी-पेशी होत्या. त्याआधी उंदरांत त्यांना आढळलं होतं की हर्पिसनंतर स्मृतिधारी टी-पेशी कॉर्नियातच मुक्काम ठोकतात.

हे सगळं प्रयोगशाळेपुरतं नाही. आपल्या ऊसपट्ट्यात पात्याची करवत बुबुळाला लागते, बुरशी आत शिरते आणि तिच्याशी पहिली झुंज देतात त्या कडेच्या रक्तवाहिन्यांतून धावून आलेल्या न्यूट्रोफिल पेशी. नेमक्या त्याच वेळी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय स्टेरॉइडचे थेंब मिळतात. लाली ओसरते, माणूस खूश होतो, बुरशी पसरते. मग नॅटामायसिन सुरू होईपर्यंत डोळ्यात कायमचं फूल पडायची वेळ आलेली असते. हे पाहून मला अजूनही संताप येतो.

आणि खंत वाटते ती नव्या डॉक्टरांच्या घाईची. स्कॅनचा रंगीत कागद हातात आला की स्लिट लॅम्पवर डोळा लावायला कुणाला वेळ नसतो. कॉन्फोकल असलं तरी झाकलेलं. पेशी सॉफ्टवेअर मोजतं, आणि कोणती पेशी कुठे, कोणत्या तंतूला टेकून होती, हे कुणी लिहून ठेवत नाही.

वास्तविक काम आपल्याच नेत्रपेढ्यांच्या दारात पडलं आहे. प्रत्यारोपित कॉर्निया नाकारला जात असताना त्यात पेशींची गर्दी वाढते, पण त्या दात्याच्या की रुग्णाच्या, हे कॉन्फोकल सांगू शकत नाही. दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेत काढलेल्या कलमात वाय गुणसूत्र शोधून ते ठरवता येतं. त्यासाठी ती काढलेली चकती फेकून न देता, दात्याच्या नोंदीसह जपून ठेवावी लागेल.