वेगाचे मर्म

पियानोवादकाची बोटे धावताना पाहून त्यांत विलक्षण बळ असावे, असा समज होतो. वस्तुस्थिती निराळी आहे. बोटांच्या पेरांत स्नायू नसतातच. त्यांना हलवणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात आणि दोरीसारख्या लांब कंडरांनी ती ओढतात. त्यातही अनामिकेची कंडरा हाताच्या पाठीवर शेजारच्या कंडरांशी जोडलेली असते. म्हणून ते बोट एकटे उचलणे कठीण जाते.

या घडणीशी झगडण्यात धोका असतो. लाइपझिग येथे शिकणाऱ्या रॉबर्ट शूमानने सरावासाठी एक यांत्रिक साधन वापरले होते. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची बोटे ऐकेनाशी झाली. त्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. परंतु वादक होण्याची त्याची आशा मावळली. पुढे त्याच्या रचना रसिकांपर्यंत पोचल्या त्या मुख्यतः पत्नी क्लाराच्या बोटांतून.

शोपँचा मार्ग वेगळा होता. प्रत्येक बोटाची घडण भिन्न असताना सर्वांना समान करण्याचा अट्टाहास तो व्यर्थ मानी. शिष्यांना तो आरंभी बी मेजर स्वरमाला देई. तीत लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढऱ्या पट्टीवर सहज विसावतो.

हातोडी तारेवर आदळून परतली की पट्टी कितीही दाबली तरी स्वरात भर पडत नाही. तो जोर पुढच्या बोटाला मात्र अडवतो. म्हणून प्रथम संथ लयीत, स्वर उमटताच बोट सैल सोडण्याची सवय करावी. मग चार-चार स्वरांचे तुकडे जलद वाजवून ते परस्परांशी जोडावेत. वेदना होताच थांबावे. गमावलेला वेग पुन्हा मिळवता येतो. गमावलेला हात मिळेलच असे नाही.