गोदाकाठची जाळी
समुद्र नाशिकपासून दूर, पण पाण्यावर पोट असलेली माणसं इथंही आहेत. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला आणि मागं तुंबलेल्या उथळ पाण्यातून नांदूर मधमेश्वरची पाणथळ जागा घडली. १९८६ मध्ये अभयारण्य, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. नाव झालं ते पक्ष्यांमुळं. मासेमारीचं म्हणाल तर, जिल्ह्यातल्या धरणा-तलावांत कटला, रोहू, मृगळ या माशांचं बीज सोडून सहकारी संस्था ठेक्यानं मासेमारी करतात. गोदेत मात्र गाळ खोली खातो, नाशिक शहराचं सांडपाणी पानवेली पोसतं. पानवेलीत जाळं टाकायचं तरी कुठं? भोई-कोळ्यांच्या पुढच्या पिढीचा प्रश्न इथंच अडलाय. हिवाळ्यात पक्षी पाहायला जाल तेव्हा काठावरच्या मच्छीमारांशीही चार शब्द बोला.