पानात विष, बोंडात अळी

पोळा सरला की वऱ्हाडात डोमकळीची, म्हणजे गुलाबी बोंडअळीने मिटवलेल्या फुलांची, बातमी येतेच. कामगंध सापळे लावा, डोमकळ्या वेचून नष्ट करा, फरदड घेऊ नका, हे सल्ले दर्यापूर-अकोटच्या कास्तकाराला आता पाठ झाले आहेत. त्याला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. बियाणं बीटीचं, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं, मग अळी बोंडात जगते कशी?

अळी बदलली, हे उत्तर खरं आहे. बीटीतल्या पहिल्या विषाला गुलाबी बोंडअळी जुमानत नाही, हे २०१० मध्येच गुजरातेत जाहीर झालं होतं. पण उरलेलं उत्तर पऱ्हाटीतच दडलंय, आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

बीटीचं जनुक झाडाच्या पेशीपेशीत असतं, पण सगळीकडे सारखं काम करत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत तेव्हा असलेले केशव क्रांथी आणि सहकाऱ्यांनी आठ बीटी संकरित वाणांच्या अवयवांतलं विष मोजलं. २००५ मध्ये ते मोजमाप ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. सर्वांत जास्त विष पानांत, मग पात्यांत, मग बोंडांत, सर्वांत कमी फुलांत. बोंडाच्या सालीत आणि फुलातल्या बीजांडकोशात तर ते अपुरंच. ग्रॅममागे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की हिरवी बोंडअळी वाचू लागते, आणि झाडाचं वय वाढेल तसं विष उतरत जातं. गुलाबी अळी तर बोंडात शिरून थेट सरकीच खाते.

त्यात आपलं बीटी आलं संकरित वाणांतून. जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल, तर बोंडातल्या सरकीत, म्हणजे पुढच्या पिढीत, त्याची वाटणी होते. एक जनुक असेल तर सरासरी चारात एक सरकी बिनविषारी. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी सरकी शेजारी शेजारी, अळीला सवय लावायला याहून सोयीची जागा कोणती?

जनुकांचं असं अवयवागणिक वेगळं वागणं कापसाला नवं नाही. अमेरिकन कापूस दोन पूर्वज जातींच्या संकरातून झाला. त्यातली एक आपल्या देशी कापसाची जवळची नातलग. २००३ मधल्या एका अभ्यासात दिसलं की काही जनुकांच्या बाबतीत फुलाच्या एका भागात एका पूर्वजाची प्रत चालू असते, दुसऱ्या भागात दुसऱ्याची.

जनुक अवयवागणिक चालू-बंद होण्याचा फायदाही घेता येतो. टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांनी २००६ मध्ये फक्त सरकीतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य घटवलं. पानांतलं, झाडाला राखणारं, तसंच ठेवलं. अमेरिकेत २०१९ मध्ये ती सरकी माणसाच्या खाण्यालाही मंजूर झाली. सरकीच्या ढेपीचा व्यापार करणाऱ्या अकोल्यात या संशोधनाची चर्चा व्हायलाच हवी.

आणि बियाणे कंपन्यांनो, पाकिटावर उगवणशक्ती छापता ना? मग आमच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत, लागवडीनंतर १०० दिवसांनी, बोंडात किती विष उरतं तो आकडाही छापा. पानाचा नको. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तो दरवर्षी मोजावा, आणि पेरणीआधी जाहीर करावा.