शेवटच्या पंगतीचा प्रवास

पुण्याहून सायकलींनीं कन्याकुमारीस गेलेल्या मंडळींचीं छायाचित्रें वाचकांनीं पाहिलीं असतील. मागें समुद्र, पुढें सायकली आणि चेहऱ्यांवर दहा-बारा दिवसांचें ऊन. त्या छायाचित्रांत जीं माणसें दिसत नाहींत, त्यांच्याविषयीं आज लिहावयाचें आहे. २०२३ सालच्या फेब्रुवारींत मी त्यांच्यांतलाच एक होतों.

झालें असें कीं, धाकट्या बंधूंच्या चिरंजीवानें सोळा स्वारांच्या एका संघांत नांव घातलें. त्याच्या मातोश्रींच्या तोंडचें पाणी पळालें. "दादा, तुम्ही बरोबर असाल तर मला घोर नाहीं," असें त्या म्हणाल्या. आणि सामानाच्या टेंपोबरोबर संघाला एक माणूस हवाच होता. शब्दरूपें आणि संधि शिकविण्यापलीकडे दुसरी विद्या माझ्यापाशीं नव्हती, तरी चालकाच्या शेजारीं जाऊन बसलों. तिसरे आमचे सायकलींचे मिस्त्री. सातारा, कोल्हापूर, बेळगांव, हुबळी, दावणगिरी, बंगलोर, सेलम, मदुरा, तिरुनेल्वेली असा सुमारें १,५०० किलोमीटरांचा मार्ग आणि मुदत १२ दिवसांची.

स्वार साडेपांचाला निघत, आम्ही साडेतीनला उठत असूं. पाण्याचे बुधले भरावयाचे, चहा टाकावयाचा, चाकांतील हवा पाहावयाची. मंडळी मार्गस्थ झालीं कीं मी एकेक खोली तपासून येई. ओले मोजे, चष्मे, भ्रमणध्वनीच्या तारा, एकदां तर कोणाची दांतांची कवळी, असें रोज कांहींतरी मागें राहिलेलें सांपडेच. मग टेंपो हाकून पंचवीस किलोमीटर पुढें जावयाचें, महामार्गाच्या कडेला झाडाची सांवली पाहून सतरंजी अंथरावयाची, आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे, केळीं, गूळ, शेंगदाण्याची चिक्की मांडून वाट पाहावयाची. पहिला स्वार येतो तो पाणी पिऊन चालता होतो. शेवटचा तासाभरानें येतो. त्याला सोडून जातां येत नाहीं, आणि तेवढ्या वेळांत पहिला पुढें तहानेला झालेला असतो. टेंपो मात्र एकच! या गणितांत आमचा सगळा दिवस जाई. माणशीं ताशीं अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरलें, तर सोळा जणांना सात तासांत छपन्न ते चौऱ्यांशी लिटर लागतें. तें भरून घेण्याच्या जागा आदल्या रात्रींच ठरवाव्या लागत.

मिस्त्रींकडून मी एक युक्ति शिकलों. महामार्गावर मालमोटारींच्या फुटक्या टायरांतील केंसासारख्या बारीक तारा पडलेल्या असतात. सायकलीच्या टायरांत शिरलेली तार डोळ्यांना दिसत नाहीं, आणि ती न काढतां नवी नळी घातली तर दहा मिनिटांत तीही जाते. मिस्त्री टायरच्या आंतून कापसाचा बोळा फिरवीत. तार असेल तेथें कापूस अडके.

रात्रीं सर्वांचें जेवण झाल्यावर आम्ही तिघे बसत असूं. उरलेला भात, तळाचें सांबार. दुसऱ्या कीं तिसऱ्या रात्रीं ध्यानांत आलें कीं, घरांतील शेवटच्या पंगतीला मी आयुष्यांत प्रथमच बसलों आहें. आईला आणि सौभाग्यवतींना वाढतांना मीं साठ वर्षें पाहिलें. त्या केव्हां आणि काय जेवल्या हें पाहिलें नव्हतें. आमच्या भगिनीवर्गाला यांत नवें वाटावयाचें नाहीं.

मदतनिसाला कमी लेखण्याची रीत जुनी आहे. फ्रान्सांतील प्रसिद्ध शर्यतींत १९१३ सालीं यूजीन ख्रिस्तॉफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा डोंगरांत मोडला. तो सायकल खांद्यावर घेऊन खालच्या गांवीं चालत गेला आणि लोहाराच्या भट्टींत त्यानें स्वतः तो सांधला. परंतु भाता एका पोरानें ओढला, एवढ्यासाठीं त्याला वेळेचा दंड झाला! त्याच शर्यतींत मागें पडलेल्यांना उचलून घेणारी गाडी १९१० पासून चालते. तिला तिकडे 'झाडूगाडी' म्हणतात. आपल्याकडे मुंबईचे पारशी तरुण १९२३ सालीं सायकलींनीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांतील तिघे १९२८ सालीं ती पुरी करून परतले. त्यांच्यामागें कसलीच गाडी नव्हती. मला मात्र द्रोणपर्वांतील जयद्रथवधाचा दिवस आठवे. भर रणांत घोडे सोडून, त्यांच्या अंगांतले बाण उपसून श्रीकृष्ण त्यांना पाणी पाजतो. गीता सर्वांना ठाऊक असते. हें खरारा करणें फारसें कोणी सांगत नाहीं.

टेंपोंत बसणें हा आमच्या संघांतही कलंकच होता. संघनायकांच्या वहींत ज्याच्या नांवापुढें 'टेंपो' असें पडे, त्याची यात्रा खंडित.

सहाव्या दिवशीं चित्रदुर्ग मागें पडलें. डोंगरांवरच्या पवनचक्क्या गरगर फिरत होत्या, वारा समोरून आणि ऊन माथ्यावर. चिरंजीव सर्वांच्या मागें राहिले. दोन थांब्यांवर त्यानें नुसतें पाणी ढोसलें, खाल्लें कांहींच नाहीं. क्षारांच्या पुड्या मीं पहाटे पिशव्यांच्या तळाशीं टाकल्या होत्या. सामान उपसण्याचा कंटाळा करून "पाणी तर पितो आहे" असें मनाशीं म्हटलें. घामावाटे मीठ गेलेल्या शरीरांत नुसतें पाणी ओतीत राहिलें तर रक्तांतलें मीठ विरळ होतें. मळमळ, डोकेदुखी आणि पुढें भ्रमही होतो. हें मला निघतांनाच बजावलें होतें.

हिरियूर सतरा किलोमीटर राहिलें असतां तो रस्त्याच्या पांढऱ्या रेघेवरून आंत-बाहेर झुकतांना दिसला. मागें मालमोटारींची रांग. मीं खालीं उतरून सायकलीची मूठ धरली आणि विचारलें, "आज वार कोणता?"

"सोडा काका. मी जातों."

"वार सांग, मग सोडतों."

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. वार कांहीं त्याला सांगतां आला नाहीं. मिस्त्रींनीं सायकल उचलली, मी आणि चालकानें त्याला. तो रडत होता. तसाच हिरियूरच्या डॉक्टरांकडे नेला. रात्रीपर्यंत उतार पडला. भावजयींना दूरध्वनीवर मीं "सर्व क्षेम" असें सांगितलें, आणि त्या रात्रीं तळाचें सांबारही मला गेलें नाहीं.

एक दिवस विश्रांति घेऊन तो पुन्हा सायकलीवर बसला, पण तो दिवस आणि पुढचे दोन माझ्याशीं बोलला नाहीं. कन्याकुमारीस छायाचित्रें निघालीं तेव्हां आम्ही तिघे सायकलींचीं पुढचीं चाकें काढून टेंपोंत दोऱ्या बांधीत होतों. बाकीची मंडळी आगगाडीनें परतावयाची होती. हा पिशवी घेऊन आला आणि टेंपोंतच चढला. कारण सांगितलें नाहीं.

परततांना हिरियूर येतांच त्यानें चालकाला थांबावयास सांगितलें. दोऱ्या सोडल्या, चाक बसविलें.

"उलट्या दिशेचे सतरा चालतात का?" मिस्त्रींनीं थट्टा केली.

"वहींत लिहूं नका म्हणजे झालें," तो म्हणाला; आणि माझ्याकडे वळून, "काका, दहावर थांबाल ना?"

दहाव्या किलोमीटरावर एक चिंच होती. तिच्या सांवलींत मीं एक लिटर पाणी घेतलें, त्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मोजून घातलें, आणि रस्त्याकडे तोंड करून बसलों.