शहाद्याच्या रानातला पिंगळा

घुबड किंवा पिंगळा ओरडला की आमच्या खानदेशात अजूनही म्हातारी माणसे दार लोटून घेतात, पोरे दगड उचलतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, म्हणून आम्ही आज एका पिंगळ्याची हकिगत सांगत आहोत.

रानपिंगळा हे त्याचे नाव. वीतभर उंची, पायांची नखे मात्र दांडगी. हा दिवसाही उन्हात बसून सरडे-उंदीर टिपतो. १८७३ साली ह्यूमसाहेबांनी (पुढे काँग्रेस स्थापन करणारे तेच) त्याची शास्त्रीय नोंद केली. मग जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातून काही नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. ब्राझीलचा स्पिक्स पोपट २००० नंतर रानातून गेला, तरी पिंजऱ्यांत जिवंत होता. आमचा पिंगळा उरला तो संग्रहालयांच्या कपाटांत, कापूस भरलेल्या कातड्याच्या रूपाने.

मध्यंतरी कर्नल मायनर्ट्झहागेन यांनी सांगितले की, १९१४ साली गुजरातमध्ये मांडवीला आपण हा पक्षी मारला. साहेबाचा शब्द! सगळ्यांनी मानला. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी मात्र तो नमुना स्वतः तपासला. तो निघाला डेव्हिडसनचाच. ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पुन्हा शिवलेला, वर खोटी चिठ्ठी. थोर माणूस म्हणतो एवढ्यावरून मानू नका, हे तथागतांनी कालामांना कधीच सांगितले होते.

मग बाई, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांकडे निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, ११३ वर्षांनी रानपिंगळा जिवंत दिसला. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा बांधवांना तो नवा नसावा. पण त्यांना विचारतो कोण?

पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि आपल्या जळगाव जिल्ह्यातले यावल अभयारण्य येथेही तो सापडला. २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ या पायरीवर आणले. एवढाच दिलासा. तो जुन्या झाडांच्या ढोलीत अंडी घालतो आणि नेमकी तीच झाडे तुटतात. त्यात जादूटोण्यासाठी घुबडे धरणारे आहेतच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हा गुन्हा आहे, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भोंदूचे गिऱ्हाईक मात्र आपल्याच वस्तीत भेटते.

यावल-रावेरकडच्या मायबहिणींनो, रानाकडेला वाळले झाड दिसले तर कुऱ्हाड उचलण्याआधी ढोलीकडे एकदा बघा.