प्रकाशाआधी आलेली वर्दी

२३ फेब्रुवारी १९८७. जपानमधल्या कामिओका खाणीत, डोंगराच्या पोटात, तीन हजार टन पाण्याच्या टाकीत तेरा सेकंदांच्या आत अकरा क्षीण ठिणग्या उमटल्या. लक्ष कुणाचंच नव्हतं. ही टाकी प्रोटॉनचा ऱ्हास टिपायला बांधलेली. तो काही अजून कुणाला दिसलेला नाही.

दीडेक लाख प्रकाशवर्षांवरच्या मोठ्या मॅगेलनी मेघात सूर्याच्या सुमारे वीसपट वस्तुमानाचा एक निळा तारा कोसळला होता. असा तारा हायड्रोजनवर लाखो वर्षं तगतो, पण शेवटचं इंधन, सिलिकॉन, काही दिवसांतच संपवतो. त्यातून गाभ्यात लोखंड साचतं. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, आणि गाभा स्वतःचाच भार पेलेनासा होतो. जवळपास पृथ्वीएवढा हा गोळा सेकंदभरही न लावता काही डझन किलोमीटरांवर येतो! इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जातात, न्यूट्रॉन बनतात आणि न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुटतात. आत कोसळणारं द्रव्य त्या टणक गाभ्यावर आपटून उसळतं, धक्कालहर निघते. पण ती वाटेतच अडखळते. तिला पुन्हा रेटा देतात ते बहुधा हेच न्यूट्रिनो, एरवी कशालाही न अडणारे.

स्फोटाची जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा तेच घेऊन जातात. आपण ज्याला स्फोट म्हणतो तो झगझगाट म्हणजे उरल्यासुरल्यातलाही किरकोळ भाग. शिवाय उशिरा येणारा: धक्कालहरीला ताऱ्याचा पृष्ठभाग गाठायला तास-दोन तास लागतात, न्यूट्रिनो मात्र केव्हाच बाहेर पडलेले असतात.

पुढच्या रात्री चिलीतल्या लास कंपानास वेधशाळेत इयान शेल्टनला फोटोत नवा तारा दिसला. ऑस्कर दुहाल्दे यांनी तर तो नुसत्या डोळ्यांनी पाहिला होता. मग कामिओकाच्या नोंदी उलगडल्या, आणि न्यूट्रिनोंनी उमटवलेल्या त्या ठिणग्या सापडल्या. मेघ दक्षिणेकडे, जपानच्या क्षितिजाखाली. म्हणजे ते न्यूट्रिनो अख्खी पृथ्वी पार करून खालून टाकीत शिरले होते. तेव्हा हयात असलेल्या प्रत्येक माणसाच्या अंगातूनही ते अब्जावधींनी गेले. प्रयोगाचे प्रमुख मासातोशी कोशिबा त्याच वर्षी निवृत्त झाले. २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आज त्याच खाणीत पन्नास हजार टनांची टाकी आहे. आपल्याच आकाशगंगेत असा तारा कोसळला, तर तिच्यात हजारो ठिणग्या उमटतील आणि जगभरच्या दुर्बिणींना, प्रकाश पोचण्याआधीच, कुठे वळायचं ते कळवलं जाईल.